डेबियन १२ (लिनक्स) टाकल्यावर ॲप्ट (सॉफ्टवेअर टाकायचं साधन) दरवेळी डीव्हीडीच मागतंय. काय करू?

नेट चालू असेल तर डीव्हीडी शोधू नका, /इटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट ही फाइल रूट (म्हणजे ॲडमिन) म्हणून उघडा आणि 'डेब सीडीरॉम' ने सुरू होणाऱ्या ओळीआधी # टाका, म्हणजे ती ओळ बंद होते. डीव्हीडीवरून टाकताना 'नेटवर्क मिरर (नेटवरचा पॅकेजांचा साठा) वापरायचा का?' याला 'नाही' म्हटलं, की इन्स्टॉलर फक्त डिस्कचा पत्ता लिहून मोकळा होतो. कोल्हापुरात आमच्या लॅबमधल्या जुन्या पीसींवर हे बऱ्याचदा निस्तरलंय. मग खाली या दोन ओळी घाला (फाइलमध्ये अर्थात रोमन अक्षरांत; बुकवर्म हे डेबियन १२ चंच नाव):

डेब एचटीटीपी://डेब.डेबियन.ऑर्ग/डेबियन बुकवर्म मेन नॉन-फ्री-फर्मवेअर
डेब एचटीटीपी://सिक्युरिटी.डेबियन.ऑर्ग/डेबियन-सिक्युरिटी बुकवर्म-सिक्युरिटी मेन नॉन-फ्री-फर्मवेअर

सेव्ह करून टर्मिनलमध्ये 'सुडो ॲप्ट अपडेट' चालवा. वाय-फायचं फर्मवेअर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) १२ पासून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या वेगळ्या विभागात गेलंय, तो शब्द गाळू नका. उबंटूच्या ओळी तर इथे चुकूनही चिकटवू नका, पॅकेजांची खिचडी होते.

मात्र एरर 'नॉट व्हॅलिड येट' अशी असेल तर फाइलला हात लावू नका, घड्याळ मागे पडलंय. तारीख दुरुस्त करा; बंद केल्यावर पुन्हा मागे गेली तर मदरबोर्डवरचा घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल बदला, राजारामपुरीत कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळेल.