स्पेनच्या खेड्यातील पहिल्या मुक्कामासाठी

स्पेनच्या ग्रामीण भागात प्रथमच राहणार असाल, तर सिएरा नेवाडा पर्वताच्या दक्षिण उतारावरील आल्पुखारा भाग निवडावा, असे मी आग्रहाने सुचवेन. तेथे १,४०० मीटरहून अधिक उंचीवर वसलेल्या कापिलेइरासारख्या गावांत चुन्याने रंगवलेली धाब्याची घरे आहेत, आणि खानदेश-मराठवाड्यातील जुनी घरे पाहिलेल्या माणसाला ती परकी वाटत नाहीत. अशी काही घरे ‘कासा रुराल’ (म्हणजे ग्रामीण घर) म्हणून पाहुण्यांना भाड्याने दिली जातात. आरक्षणापूर्वी घर संपूर्ण मिळणार की केवळ खोली, आणि किमान किती रात्री राहावे लागेल, हे विचारून घ्यावे.

जेवणाच्या वेळा मात्र गांभीर्याने घ्याव्यात. दुपारचे जेवण दोननंतर आणि रात्रीचे साधारण नऊच्या सुमारास मिळते. दुपारी दुकाने काही तास बंद असतात, त्यामुळे मुले किंवा वडीलधारी मंडळी सोबत असल्यास दूध, फळे, पाव सकाळीच आणून ठेवावेत. शाकाहारी असाल तर केवळ ‘मांस नको’ म्हणणे पुरेसे नाही, कारण भाज्यांत हॅमचे (डुकराच्या खारवलेल्या मांसाचे) तुकडे आणि सॅलडमध्ये टूना मासा सर्रास असतो. ही दोन्ही नावे घेऊनच नकार द्यावा.

यजमान पासपोर्टचा तपशील मागतील. तो कायद्याने नोंदवावा लागतो, म्हणून संकोच नको. घाटरस्ते अरुंद व वळणांचे असल्याने पहिल्या दिवशी उजेड असतानाच पोहोचावे.