पंखा अर्धी गिरकी घेतो आणि थांबतो

प्रश्न : माझा डेस्कटॉप सहा वर्षांचा आहे. परवा टायपिंग करत असताना तो फट्कन बंद पडला. ना निळा पडदा आला, ना कसली सूचना. आता बटण दाबलं की आतला पंखा अर्धी गिरकी घेतो आणि थांबतो, स्क्रीन काळीच राहते. मदरबोर्डवरचा छोटा हिरवा दिवा मात्र लागलेला दिसतो. ओळखीच्या एकाने रॅम खोडरबराने पुसून परत लावली, बोर्डावरची गोल बॅटरी बदलली आणि शेवटी ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून मोकळा झाला. वर्षभर पंखा जोरात आवाज करायचा, त्यामुळे तापून जळला असेल का? आणि माझ्या फायलींचं काय?

उत्तर : आधी फायलींची काळजी सोडा. मशीन चालू होत नाही म्हणजे डिस्क गेली असं नसतं. ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की बहुतेक वेळा सगळं जागच्या जागी असतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद असेल तर ती उघडणारी रिकव्हरी की शोधून ठेवा, नाहीतर डिस्क धडधाकट असूनही दार उघडायचं नाही.

मदरबोर्ड गेलाही असेल. पण तुमच्या माणसाने निकाल फार लवकर दिला. सर्वांत महत्त्वाची खूण तुम्हीच लिहिली आहे, ती म्हणजे हिरवा दिवा आणि अर्धी गिरकी. दिवा लागतो म्हणजे भिंतीतला सॉकेट, केबल, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) मागचं बटण हे सगळे सुटले. एसएमपीएसची ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन, म्हणजे मशीन बंद असतानाही चालू राहणारी वीज, बोर्डापर्यंत पोचते आहे. पंखा हलतो म्हणजे समोरचं बटणही चालतं. एसएमपीएस उठतो, काहीतरी बिनसलंय असं त्याला दिसतं आणि तो स्वतःहून बंद होतो. एक तर तो स्वतःच थकलाय किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट आहे.

तापण्याचा संशय मला नाही. तापून बंद पडणारं मशीन थंड झालं की चालू होतं, काही मिनिटं चालतं आणि पुन्हा पडतं. तुमचं तर एक सेकंदही टिकत नाही. तो आवाज करणारा पंखा साफ करा, पण तो यातला आरोपी नव्हे. बॅटरीचंही तसंच. ती गोल सीआर२०३२ उतरली की घड्याळ मागे पडतं, सेटिंग पुसतात; पंखा असा मध्येच थांबवणं सहसा तिचं काम नसतं.

आता शोध. पॉवर केबल काढा, मग समोरचं बटण काही सेकंद दाबून धरा. हिरवा दिवा विझला की आत हात घाला. ग्राफिक्स कार्ड, सगळ्या डिस्क, यूएसबीला लावलेलं सगळं काढा. डिस्कची डेटा केबल काढून भागत नाही, पॉवरची काढायची. डिस्कच्या सर्किटवर व्होल्टेज वाढल्यास वाचवणारा एक डायोड असतो. तो शॉर्ट झाला की एकटी डिस्क अख्खं मशीन उठू देत नाही. बोर्ड गेला असं समजून आणलेल्या मशीनमध्ये हे मी पाहिलंय. डिस्कला वीज देणारा स्वस्तातला ॲडॅप्टर असेल तर त्याचं प्लास्टिक करपलंय का तेही बघा.

एवढं काढून बटण दाबा. लक्ष स्क्रीनवर नको, पंख्यावर. फिरत राहिला तर काढलेल्यातलंच काहीतरी दोषी. एकेक परत लावत जा, दर वेळी आधी केबल काढून. अजूनही थांबतोय? मग प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर काढा. तो काढल्यावर पंखा फिरू लागला, तर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागात शॉर्ट असण्याची दाट शक्यता. अशा वेळी ‘बोर्ड गेला’ म्हणायला आधार मिळतो. तिथल्या कपॅसिटरची (छोट्या उभ्या डब्यांसारख्या भागांची) डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा तपकिरी चिकटा आलेली दिसली तर समजा.

तरीही थांबत असेल, तर माझा पहिला संशय एसएमपीएसवर. बोर्डाचा २४ पिनांचा कनेक्टर काढून हिरवी आणि काळी तार जोडून एसएमपीएस एकटाच सुरू करायची युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेलच. पण नुसता पंखा फिरला म्हणून एसएमपीएस पास होत नाही. मल्टीमीटरवर पिवळी-काळी ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल-काळी ४.७५ ते ५.२५ दाखवायला हवी, आणि तेही भार नसताना मोजलेलं असतं. तारा सगळ्याच काळ्या असतील तर अंदाजाने पिना जोडू नका. चालू असलेला दुसरा एसएमपीएस लावून बघणं हीच खरी परीक्षा. मात्र तो सुट्ट्या, काढता-घालता येणाऱ्या केबलचा असेल तर त्याच्याच केबल वापरा. दुसऱ्याच्या केबल बसतात छान, पण आतली जोडणी वेगळी असते आणि डिस्क जळतात. एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठलेलं असू शकतं, केबल काढल्यावरसुद्धा.

प्रश्न : माझं मशीन अधूनमधून बंद पडतं, पण परत चालू होतं. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं. म्हणजे एसएमपीएस बदलायचा का?

उत्तर : थांबा. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. ती उघडून तपशिलात ‘बगचेककोड’ बघा. शून्य नसेल तर निळ्या पडद्याचा मामला आहे, ड्रायव्हर आणि रॅमकडे वळा. शून्य असेल तर वीज तुटली किंवा मशीन गोठलं. मग बंद पडताना काय चालू होतं ते लिहून ठेवा. जड गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करतानाच पडत असेल तर आधी प्रोसेसरचं तापमान बघा, ते ठीक निघालं तर एसएमपीएस. नुसतं बसून असताना पडत असेल तर केबल आणि एक्स्टेन्शन बोर्ड बदलून पाहा, त्याला काही खर्च नाही.