ग्रुपमध्ये कुणी वाह्यात पोस्ट टाकली, तर अ‍ॅडमिन अडकतो का?

तुमचे प्रश्न दोन. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी काहीबाही टाकलं तर पोलीस अ‍ॅडमिनला उचलतील का, आणि त्या माणसाला काढलं तर त्याच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर गदा येते का. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. निवडणुका जवळ आल्या की हेच विचारायला लोक येतात.

नुसते अ‍ॅडमिन आहात म्हणून तुम्ही आरोपी होत नाही. गोंदिया जिल्ह्यात एका सदस्याने ग्रुपमधल्या महिलेबद्दल घाण भाषा वापरली. अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून गुन्ह्यात अ‍ॅडमिनचंही नाव आलं. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. सदस्य घेणं आणि काढणं एवढंच अ‍ॅडमिनच्या हातात असतं, कोण काय टाकणार हे त्याला आधी तपासता येत नाही, असं कोर्टाने म्हटलं. दोघांनी ठरवून केलेलं दिसलं, तर गोष्ट वेगळी.

पण 2022 पासून दुसऱ्याची पोस्ट सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय अ‍ॅडमिनला मिळाली आहे. ‘माझ्या हातात काय होतं?’ हा बचाव तेवढा लंगडा झाला, असं मला वाटतं. तेव्हा वाह्यात पोस्ट दिसली की उडवा, पण आधी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. आणि तिच्यावर हसरा इमोजी तर अजिबात टाकू नका.

सणावाराला पोलीस ठाण्यातून नोटीस येते (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 149, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 168), तिला घाबरू नका. ती ताकीद असते, गुन्हा नव्हे. सही करा, आपली प्रत मागून घ्या.

आता स्वातंत्र्याचं. घटनेच्या 19व्या अनुच्छेदातला हक्क मुख्यतः सरकारपुढे मागायचा असतो. तुमचा ग्रुप म्हणजे सरकार नव्हे, खुशाल काढा. ग्रामपंचायतीच्या अधिकृत ग्रुपवरून मात्र, नळाला पाणी येत नाही असं लिहिलं म्हणून ग्रामसेवकाने कुणाला काढलं, तर ते मला मुळीच पटणार नाही. तिथे भांडायला जागा आहे.

खरी गदा पालघरला आली होती. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, मैत्रिणीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. त्या अटकेनंतर आयटी कायद्याच्या कलम 66अ विरुद्ध (ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकूर टाकला तर शिक्षा, असं ते कलम) याचिका गेली आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. तरी पुढे कित्येक वर्षं ठाण्यांमध्ये त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात होते; 2021 मध्ये न्यायालयाने त्यावर धक्का बसल्याचं सांगितलं. कुणी 66अ ची भीती घातली तर निकालाची प्रत पुढे करा. धर्म-जातींत तेढ लावणाऱ्या मजकुराची कलमं मात्र शाबूत आहेत.

आणि एक. एन्क्रिप्शन आहे, म्हणजे मेसेज बाहेरच्या कुणाला मध्येच वाचता येत नाहीत, म्हणून ग्रुप खासगी, असं सदस्यांना समजू देऊ नका. पोलिसांकडे येतात ते बहुतेक ग्रुपमधल्याच कुणीतरी काढलेले स्क्रीनशॉट. मतदानाच्या आठवड्यात सेटिंग बदलून फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं करून टाका. लोक दोन दिवस कुरकुर करतील, करू दे.