ब्लूजसाठी इलेक्ट्रिक गिटार घ्यायलाच हवी का?

प्रश्न : मी सांगलीत राहतो, वय ४२. अकूस्टिक गिटारवर हिंदी-मराठी गाण्यांचं स्ट्रमिंग बऱ्यापैकी जमतं. आता ब्लूज आणि रॉक शिकायचंय. क्लासमध्ये सांगितलं, की त्यासाठी इलेक्ट्रिक गिटार घ्या, अकूस्टिकवर स्वर चढवायला तार ओढली जात नाही. खरंच जात नाही, बोटं सोलून निघाली. काय करू?

उत्तर : आहे तीच गिटार ठेवा. ब्लूज वाढला तोच अकूस्टिकवर. अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्ये सॅन अँटोनिओला आणि १९३७ मध्ये डॅलसला मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली, एक गळा आणि एक गिटार एवढ्यावर. पुढे इंग्लंडमधल्या रॉक वाजवणाऱ्या पोरांनी तीच गाणी ऐकून ऐकून आत्मसात केली.

तुमचा त्रास मात्र खरा आहे. अकूस्टिकच्या संचात तिसऱ्या तारेवर धातूचं वेटोळं असतं, इलेक्ट्रिकवर ती बहुधा साधी असते. म्हणून तिथे सहज ओढली जाणारी तार इथे बोटांचा जीव काढते. १२ चा संच लावला असेल तर ११ किंवा १० चा लावा (आकडा लहान तितक्या तारा बारीक), आणि पूर्ण स्वर ओढायचा हट्ट सोडा. ब्लूजचा जीव कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागेत आहे. ती जागा तार जराशी ओढूनच मिळते.

सुरुवात ई मध्ये करा. गिटारच्या सहाही मोकळ्या तारा ई मायनर पेंटाटॉनिक या पाच स्वरांच्या सप्तकातल्याच आहेत. ई ला सा धरलंत तर हे आपल्या धानीचे स्वर : सा, कोमल ग, म, प, कोमल नी. चुकून मोकळी तार वाजली तरी कानाला खटकत नाही.

आता उजवा अंगठा. माझ्या मते सगळा ब्लूज तिथे आहे आणि नेमकं तेच शिकवायचं राहून जातं. पिक बाजूला ठेवा. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार मोकळी, प्रत्येक मात्रेला एक ठोका, चार ठोक्यांचा एक बार. तळहाताची कड ब्रिजवर (तारा गिटारच्या अंगावर जिथे बसतात त्या पट्टीवर) हलकी टेकवा, म्हणजे तार घुमत न राहता लगेच दबेल. टेक्ससचा ब्लूजवाला लाइटनिंग हॉपकिन्स याचा अंगठा ऐका, तो काय चीज आहे ते कळेल. घरातल्या कुणाशी गप्पा मारतानाही हा ठोका हलता कामा नये. तो चालू असतानाच तिसरी तार मोकळी छेडा आणि लगेच पहिल्या फ्रेटवर बोट आपटा : कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर. मग सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट दाबून ती किंचित जमिनीकडे ओढा. या दोन हालचाली शिकवल्यावर विद्यार्थ्याचा चेहरा उजळतो, कारण ब्लूज त्याच्या स्वतःच्या हातातून ऐकू येतो.

चौकट बारा बारची : चार बार ई७ कॉर्ड, दोन ए७, दोन ई७, एक बी७, एक ए७, शेवटी दोन ई७. लय सरळ ठेवू नका. मात्रेचे तीन भाग करा, पहिला आणि तिसरा वाजवा, मधला रिकामा सोडा. हाच शफल.

रॉकचा रस्ता इथूनच जातो. सहावी तार मोकळी, तिच्याबरोबर पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट, मग चौथा, पुन्हा दुसरा. ए साठी हेच एक तार खाली सरकवा. बी ला बोटं फार ताणावी लागतात, तिथे सरळ बी७ धरा. लय सरळ केलीत की तुम्ही रॉक अँड रोलवाल्या चक बेरीच्या अंगणात पोचलात. आणि रोलिंग स्टोन्सचं १९६८ चं ‘स्ट्रीट फायटिंग मॅन’ ऐका. त्यांचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सने त्यात अकूस्टिक गिटार साध्या कॅसेट रेकॉर्डरवर टिपली. ती करकरीत धार इलेक्ट्रिक गिटारची नाहीच.

लांबवर टिकणारा, रडणारा स्वर मात्र अकूस्टिकवर मिळणार नाही. त्याची ओढ लागली तर जरूर इलेक्ट्रिक घ्या. तोवर तयार झालेला अंगठा तिथेही उपयोगी पडेल.

प्रश्न : रत्नागिरीत पावसाळ्यात माझ्या गिटारच्या तारा उंच होतात, गंजतातही. नेकमधला रॉड फिरवू का?

उत्तर : आधी रॉडला हात लावू नका. लाकूड दमट हवेत फुगतं, वरची फळी किंचित वर येते, तिच्याबरोबर ब्रिज आणि ताराही. रॉड नेकचा बाक सुधारतो, फुगलेली फळी नाही. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखालचं अंतर मोजा. साधारण अडीच मिलिमीटर ठीक, तीनच्या वर गेलं तर दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा. गिटार भिंतीवर टांगू नका, बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्याने खालूनवरून पुसा.