घटाचे प्रमाण व्होल्टेज: पुन्हा तेच प्रश्न

बारावीचे विद्युतरसायनशास्त्र सुरू झाले की दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न: घटाचे प्रमाण व्होल्टेज काढण्याच्या सूत्रात कोणाचे विभव कोणातून वजा करायचे?

कॅथोडच्या प्रमाण क्षपण विभवातून अ‍ॅनोडचे. क्षपण म्हणजे इलेक्ट्रॉन स्वीकारणे; ते कॅथोडवर होते, तर अ‍ॅनोडवर इलेक्ट्रॉन सोडले जातात, म्हणजे ऑक्सिडीकरण होते. डॅनियल घटासाठी (तांबे कॅथोड, जस्त अ‍ॅनोड) 0.34 − (−0.76), म्हणजे 1.10 व्होल्ट.

प्रश्न: दहावीत कॅथोड म्हणजे ऋणाग्र असे शिकलो. मग डॅनियल घटात तांब्याचा कॅथोड धन कसा?

ज्या अग्रावर क्षपण होते तो कॅथोड, मग त्याचे चिन्ह कोणतेही असो. विद्युत अपघटनात तो बाहेरच्या बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो म्हणून तेथे ‘ऋणाग्र’ हे नाव जुळते. स्वतः वीज देणाऱ्या घटात ते विसरावे.

प्रश्न: तांबे–चांदी घटाच्या समीकरणात चांदीचे दोन आयन आहेत. क्लासच्या नोट्समध्ये 0.80 ची दुप्पट करून उत्तर 1.26 व्होल्ट दिले आहे. बरोबर आहे का?

नाही. बरोबर उत्तर 0.80 − 0.34, म्हणजे 0.46 व्होल्ट. ही चूक मी इतकी वर्षे तपासतो आहे की ‘पाच मिनिटांत विद्युतरसायन’ अशी जाहिरात दिसली तरी धास्ती वाटते. व्होल्ट म्हणजे दर कूलोम प्रभारामागे मिळणारी ऊर्जा. प्रभार दुप्पट झाला की ऊर्जाही दुप्पट होते, पण त्यांचे गुणोत्तर तसेच राहते. टॉर्चचा जाडजूड सेल आणि बारीक पेन्सिल सेल या दोहोंवर 1.5 व्होल्टच लिहिलेले असते, ते याच कारणाने. गुणाकार करायचा तो मुक्त ऊर्जा काढताना: दोन मोल इलेक्ट्रॉन, 96,500 कूलोम आणि 0.46 व्होल्ट यांचा गुणाकार सुमारे 88.8 किलोज्यूल येतो आणि मुक्त ऊर्जेतील बदल तितकाच, पण ऋण असतो. दोन अर्धअभिक्रियांतून (नुसते क्षपण किंवा नुसते ऑक्सिडीकरण दाखवणाऱ्या समीकरणांतून) तिसरी अर्धअभिक्रिया मिळवतानाही याच ऊर्जेच्या वाटेने जावे लागते. लोहाचे +3 ते +2 हे विभव 0.77 आणि +2 ते धातू हे −0.44 असले, तरी +3 ते धातू हे विभव 0.33 नसून (0.77 − 0.88) ÷ 3, म्हणजे सुमारे −0.04 व्होल्ट असते. नोट्समध्ये वेगळे काही असल्यास ते पान आपल्या महाविद्यालयातील शिक्षकांना दाखवावे, आणि तेही परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे.

प्रश्न: ‘मोठ्यातून लहान वजा करा’ ही युक्ती चालेल का?

अभिक्रियेची दिशा दिलेली असेल तर मुळीच नाही. तांबे विरघळून जस्त साचते अशी अभिक्रिया दिली असल्यास उत्तर −1.10 व्होल्ट येते, आणि ती आपोआप घडणार नाही हेच त्या ऋण चिन्हातून कळते.

प्रश्न: आजोबांच्या जुन्या पुस्तकात जस्ताचे विभव +0.76 आहे.

ते ऑक्सिडीकरण विभव आहे, म्हणजे उलट दिशेचे, म्हणून चिन्हही उलटे. स्टॉकहोममध्ये 1953 साली ठरलेल्या संकेतानुसार आता क्षपण विभवच देतात. दोन तक्त्यांतील आकडे एकत्र करू नयेत.

प्रश्न: प्रयोगशाळेत 1.10 ऐवजी 1.04 व्होल्ट आले. वहीत 1.10 लिहू का?

आले तेच लिहावे. प्रमाण विभव 1 मोलर द्रावणांसाठी असते. जस्ताचे द्रावण 1 मोलर आणि तांब्याचे 0.01 मोलर असेल, तर 25 अंश सेल्सिअसला द्रावणांच्या संहतीचा परिणाम मोजणाऱ्या नर्न्स्ट समीकरणानेही 1.04 च येते. संहती तशी नसेल, तर जस्ताची पट्टी घासली होती का, क्षारसेतू (दोन द्रावणांना जोडणारा क्षाराचा दुवा) कोरडा पडला होता का, हे वही घेऊन प्रयोगशाळेतील शिक्षकांसमोरच तपासावे.