कॉन्टेसाचा रंग सगळ्यात शेवटी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज मिळाला आणि फोटो पण बघितले, मोठे करून करून बघितले, खानापूरच्या तुझ्या मामाच्या त्या कौलारू शेडात उभी असलेली कॉन्टेसा, टायर बसलेले, बॉनेटवर कोंबड्या. बघून जीव कळवळला खरं सांगतो. आणि तू लिहिलायस की दीड लाख रुपये साठलेत, पुढच्या गणपतीला गाडी रस्त्यावर पाहिजे, ही भारताची मसल कार आहे, काळा रंग मारायचा आणि अलॉय व्हील घालायचे. काका काय म्हणता?

म्हणतो एवढंच की रंगाचा डबा आत्ता विकत घेऊ नको. अलॉय तर मुळीच नको. जुन्या गाडीला पैसा खालून वर लागला पाहिजे, आधी जमिनीकडचा पत्रा, मग ब्रेक, मग इंजिन, मग वायरिंग, आणि सगळ्यात शेवटी लोकांना दिसतं ते. तुझ्या वयात मी बरोबर उलटं केलो होतो म्हणून सांगूलोय.

तेव्हा मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर होतो, लग्नाला थोडीच वर्षं झालेली, मुलगी दोन वर्षांची. गोव्याकडची एक फियाट घेतली, जीए नंबरची, रंग असला चकाचक की गल्लीतली सगळी पोरं हात लावून गेली. चुंबक लावून बघायचं कुणी सांगितलं नाही. पहिला पावसाळा बरा गेला, दुसऱ्या पावसाळ्यात रनिंग बोर्डवर, म्हणजे दाराखालच्या लांब पट्टीवर, बारीक फोड आले, पुरळ आल्यासारखे. मी एकावर स्क्रू ड्रायव्हर टेकवला, दाबला पण नाही नीट, तो मुठीपर्यंत आत गेला. आतून काय निघालं माहित आहे? वर्तमानपत्राचे बोळे. कुजलेल्या भोकात कागद कोंबून वर पुट्टी थापलेली आणि त्यावर तो चकाचक रंग. त्याच महिन्यात जांबोटी रोडला मुलगी मागच्या सीटवरनं म्हणाली, बाबा माझी चप्पल ओली झाली, मॅट उचलून बघतोय तर खालून रस्ता दिसूलाय. तीन वर्षांचं पोर त्या जागेवर पाय ठेवून बसलं होतं. आज पण आठवलं की पोटात गोळा येतो.

म्हणून तुझ्या गाडीचं पहिलं काम पैशाचं नाहीच, तपासायचं आहे. जुन्या स्पीकरचं चुंबक घे, मऊ फडक्यात गुंडाळ म्हणजे ओरखडे पडणार नाहीत, आणि खालच्या बाजूनं सगळीकडं फिरव. पत्रा असेल तिथं धरतं, पुट्टी असेल तिथं सुटतं. मग स्क्रू ड्रायव्हर घे आणि या जागा टोचत जा: दोन्ही रनिंग बोर्ड, मॅटखालचा फ्लोअर, डिकीत स्टेपनीचा खड्डा, दरवाज्यांची खालची कड, पुढच्या काचेचे खालचे दोन कोपरे, बॅटरीखालचा ट्रे (तिथं ऍसिड सांडून पत्रा जातो), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढचं मागचं सस्पेन्शन बॉडीला जिथं बोल्टनं बसलंय ती जागा. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हीच तिची चासी, त्यामुळं रनिंग बोर्ड कुजला म्हणजे नुसती शोभा गेली असं नाही, कणाच गेला. दार उघडून हळूच लाव. वर उचलून लावावं लागत असेल आणि बिजागरी घट्ट असेल तर बॉडी मधे बसलेय असं समज.

गंज सगळा सारखा नसतो. हाताला तांबडी पूड लागते तो वरवरचा, वायर ब्रशनं जातो. खारीसारखे पापुद्रे सुटतात तो मधला, तो पूर्ण खरवडून खाली किती पत्रा शिल्लक राहिलाय ते बघायचं. आणि भोक पडलं की औषध नाही, कापायचंच. बाजारात गंज काळा करणारं लिक्विड मिळतं, फॉस्फरिक ऍसिडचं, ते पहिल्या प्रकाराला चांगलं, पण लोक पापुद्र्यावरच ओततात आणि गंज मेला म्हणून खूष होतात. खाली तो जिवंतच असतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो ना, म्हणून तो वाढला की वरचा रंग उचलतो आणि फोड येतात.

वेल्डिंग स्वतः करू नको, निदान या गाडीवर तरी शिकू नको. आपल्याकडं चांगले टिंकर, म्हणजे गाडीचा पत्रा ठोकणारे, आहेत, अनगोळ उद्यमबाग भागात फिरलास की सापडतील, बरेचसे कन्नड बोलतात, तुक्कु म्हणजे गंज एवढं लक्षात ठेव आणि उरलेलं हातवारे करून भागतं. पण त्यांना तीन गोष्टी आधीच सांगून ठेव. पहिली, जुन्या पत्र्यावर नवीन पत्रा चिकटवायचा नाही, चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापायचं, कारण दोन पत्र्यांच्या मधे पाणी साठतं आणि दोन्ही खातं. दुसरी, साधं आर्क वेल्डिंग नको, 20 गेजचा पातळ पत्रा जळून भोक पडतं, सीओटू वेल्डिंग पाहिजे, ते पण थोडं इथं थोडं तिथं असं टाके घालत, एकाच जागी लांब ओढलं की पत्रा तापून वाकडा होतो. तिसरी, दोन्ही बाजूचे रनिंग बोर्ड एकदम कापायचे नाहीत. एक बाजू कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा उभा अँगल टाकून बॉडी जाम करायची, ती बाजू पूर्ण झाली, दार नीट लागतंय बघितलं, मगच दुसरी. हे केलं नाही तर गाडी केळ्यासारखी वाकते आणि परत कधीच सरळ होत नाही.

इथं तुझे पैसे वाचवायची एक युक्ती आहे जी मुंबई पुण्याच्या पोरांकडं नाही. रनिंग बोर्डचा तयार पार्ट शोधत महिनोन्महिने बसू नको. जिथला पत्रा शाबूत आहे तिथून जाड पुठ्ठ्यावर आकार काढ, प्रत्येक घडीचा कोन लिहून ठेव आणि बेंडिंग प्रेसवाल्याकडं जा, सीआर म्हणजे साधा बिनजस्ताचा पत्रा त्याच्याकडंच मिळेल, जीआय घेऊ नको, त्यावरचं जस्त वेल्डिंगला जळतं आणि धूर छातीत जातो. बुश पाहिजे असेल तर लेथवर करून देतो कुणीही. आपलं गाव फाउंड्री आणि मशीन शॉपचं आहे, त्याचा फायदा घे की.

बारीक सारीक लोखंडी पार्ट, ब्रॅकेट, बिजागऱ्या, जॅकचं हँडल असलं सगळं घरीच साफ कर. प्लास्टिकची बादली, पाणी, धुण्याचा सोडा चार पाच मोठे चमचे, आणि 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. चार्जरची निगेटिव्ह तार गंजलेल्या पार्टला, पॉझिटिव्ह तार एखाद्या भंगार लोखंडी सळीला, दोन्ही पाण्यात पण एकमेकांना लागू द्यायचं नाही, आणि तारांना हात लावताना चार्जर बंद. चालू केलं की पार्टवर बारीक बुडबुडे येतात आणि पाणी हळूहळू तांबडं होतं. रात्रभर ठेव, सकाळी पार्ट काळा झालेला असेल, ब्रशनं घासलं की तो काळा थर जातो आणि चांगलं लोखंड जसंच्या तसं राहतं, ग्राइंडरसारखं खरडून जात नाही. सळीच्या जागी स्टेनलेस स्टीलचा चमचा बिमचा वापरू नको, त्यातनं क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात म्हणून अंगणातच कर आणि मामाला तिथं बिडी ओढू देऊ नको. स्प्रिंग आणि हार्ड बोल्ट त्यात नको, ठिसूळ होतात. कार्बोरेटर पण नको, अॅल्युमिनियम सोड्यात खराब होतं. आणि पार्ट काढला की धुऊन पुसून त्याच दिवशी प्रायमर मार, खानापूरच्या हवेत उघडं लोखंड दुपारपर्यंत थांबत नाही.

आता इंजिन. तू लिहिलायस 1.8 लिटरचं इसुझू आहे, तर नशीबवान आहेस. 1984 ला कॉन्टेसा आली तेव्हा तिच्यात अँबेसेडरचंच 1.5 चं इंजिन होतं, 50 च्या आसपास हॉर्सपॉवर, एवढ्या मोठ्या गाडीला ते कुठं पुरतंय. मसल म्हणतोस ती खरी इसुझू आल्यावर, सोबत पाच गिअर. हेच 1.8 पुढं अँबेसेडरमध्ये पण आलं, म्हणून पार्ट विचारताना नुसतं कॉन्टेसा कॉन्टेसा करू नको, अँबेसेडर 1800 चं म्हणून विचार, जास्त मिळतं. किती वर्षं बंद आहे ते मामाला विचार. पण चावी मारून बघायची नाही, कितीही मोह झाला तरी. प्लग काढ, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि ऑइल मिसळून सोड, आठवडाभर ठेव, मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हातानं हळू फिरव. अडलं तर परत सोड, परत थांब, जोर लावू नको. फिरलं की ऑइल बदलून, कॉम्प्रेशन बघून मग पुढं. पेट्रोल टाकी खाली उतरव, आत गंज असणारच. आणि टाकीला वेल्डिंग करतो म्हणून कुणी पुढं आला तर त्याला थांबव, रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट फुटते.

ब्रेकमध्ये काटकसर नाही. सगळे रबरी होज, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचे किट, नवीन फ्लुइड. लोखंडी पाईप गंजले असतील तर तेही. दुसरीकडं कुठंही वाचव, इथं नको. आणि गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर कधीच नाही, स्टँड लाव, त्याशिवाय चाक पण आडवं घालून ठेव खाली, उद्यमबागेत माझ्याबरोबरचा एक माणूस असाच गेलाय.

दीड लाखाचं म्हणशील तर माझ्या अंदाजानं साठ सत्तर हजार पत्र्यातच जातील, रडू नको, तेच बरोबर आहे. ब्रेक, टायर, इंजिन यात उरलेले संपतील. रंग यंदा होणार नाही. होऊ दे की. एपॉक्सी प्रायमरमध्ये करड्या रंगाची फिरव वर्षभर, कुणी हसलं तर हसू दे. पुट्टी लावायचीच तर एपॉक्सीवर, उघड्या पत्र्यावर नाही, पुट्टी पाणी पिते. आणि अंडरकोटिंगचा काळा डांबरासारखा थर गंजावर मारून घेऊ नको, तो पाणी आतच कोंडून ठेवतो. रनिंग बोर्डला आणि दारांना खाली पाणी निघायची भोकं असतात, टिंकर ती बुजवतो, तार घालून बघ उघडी आहेत का.

कामाचे दिवस पण धरून चाल. आपल्याकडं मृगापासून दसऱ्यापर्यंत उघडा पत्रा ठेवता येत नाही, तरणा म्हातारा पाऊस खानापुरात कसा पडतो तुला मी सांगायला नको. दिवाळीनंतर उघडायची, मेच्या आत प्रायमर मारून बंद करायची. म्हणजे गणपतीची घाई सोड. तोपर्यंत प्लास्टिकचा कागद टाकून झाकू नको, आत घाम सुटतो, जुनी सुती चादर टाक. शेडातल्या मातीवरनं उचलून लाकडी ठोकळ्यांवर घे.

कागदपत्रांचं लवकर कर. केए 22 नंबर आहे आणि आरसी मामाच्या नावावर आहे हे लई चांगलं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षं, मग दर 5 वर्षांनी नवं करायचं, आणि 2025 पासून केंद्रानं 20 वर्षांवरच्या कारची ती फी 10,000 रुपये केलेय, वर ग्रीन टॅक्स. हे दीड लाखातनं आधीच बाजूला काढ. व्हिंटेज म्हणून सूट मिळेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नको, त्याला 50 वर्षं पुरी लागतात, पहिली कॉन्टेसा सुद्धा 2034 ला तिथं पोचणार. आणि ती कोल्हापूरची एमएच 09 ची स्वस्तातली दिसलेय म्हणालास ना, ती रस्त्यावर आणायला घेऊ नको, एनओसी आणायची, इथला लाइफटाइम टॅक्स भरायचा, आपण सीमेवरची माणसं, ह्यात किती जण अडकलेत बघितलंय मी. पण तिचे दरवाजे, काचा, ग्रिल शाबूत असतील तर पार्टसाठी जरूर बघू, मालकाला तिची आरसी रद्द करून मगच द्यायला सांग.

मी येत्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं येतो. चुंबक माझ्याकडं आहे. गाडी ढकलून शेडाबाहेर उजेडात काढून ठेव, चार पोरं बोलव. धुऊ मात्र नको, माती कुठं कुठं साठलेय ते मला बघायचंय, तिथंच आतून ओल धरलेली असते.

तुझा,
काका