दिगबोई पाहायचं तर सुरुवात लेडोपासून करा

आसामातल्या तिनसुकियात एक दिवस मोकळा आहे, तर सकाळी दिगबोईचं तेलाचं संग्रहालय पाहून दुपारी परतावं का, असं तुम्ही विचारलंय. परतता येईल, पण मग निम्मी गोष्ट तिथेच राहील.

मी दोनदा जाऊन आलोय. पहिल्या खेपेला तुमच्यासारखंच केलं आणि हळहळलो. इथे मुळात कोणी तेल शोधायला आलंच नव्हतं. आसाम रेल्वेज अँड ट्रेडिंग कंपनीला हवे होते चहा आणि कोळसा वाहून नेणारे रूळ. ते टाकताना तेलाचा सुगावा लागला. हत्तींच्या पायाला काळं तेल लागलेलं दिसलं, साहेब मजुराला ‘डिग, बॉय, डिग’ म्हणाला आणि त्यावरून गावाचं नाव पडलं, ही गोष्ट तिथे हमखास ऐकवतात. मजा म्हणून ऐकायची, इतिहास म्हणून नाही.

गोष्ट कोळसा आणि रुळांपासून सुरू होते, म्हणून भल्या सकाळी गाडी करून दिगबोई ओलांडून आधी थेट लेडोला जा. कोळशाचा मुलूख तिथला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बर्मामार्गे चीनकडे काढलेला स्टिलवेल रोडही तिथूनच सुरू होतो. पाटीपाशी फोटो काढा आणि निघा, फार रेंगाळण्यासारखं काही नाही. परतताना मार्गेरिटा लागतं. इटलीच्या राणीचं नाव आसामातल्या गावाला! रेल्वेच्या कामावर इटालियन इंजिनिअर होता, त्याची ही आठवण.

आता दिगबोई. संग्रहालयाच्या आवारातच इथली पहिली तेलविहीर जपून ठेवलीय. आधी तिच्यापाशी जा, काचेच्या कपाटांकडे नंतर वळा. १८८९ मध्ये खोदायला घेतलेली ही विहीर १८९० मध्ये ६६२ फुटांवर पूर्ण झाली. अमेरिकेत ड्रेकने खोदलेल्या, तिथल्या पहिल्या व्यापारी तेलविहिरीला तेल लागून तेव्हा जेमतेम तीस वर्षं झाली होती, आणि इथे तर सगळं जंगल! बाहेर मांडलेली जुनी अवजड यंत्रं पाहताना मी पुन्हा पुन्हा एकाच विचारावर येत होतो, की हे धूड त्या चिखलातून इथवर आणलं कसं असेल. रिफायनरी १९०१ ची, आणि ती अजून चालू आहे. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. बाहेरून कॅमेरा रोखायच्या भानगडीतही पडू नका, सुरक्षारक्षक हटकतात. त्यापेक्षा टेकड्यांवरचे ब्रिटिश तेल कंपनीच्या काळातले बंगले रस्त्यावरून पाहत चाला.

युद्ध स्मशानभूमी मात्र चुकवू नका. बर्मा आघाडीच्या मागे या भागात जी लष्करी इस्पितळं होती, तिथे दगावलेल्यांची ही जागा. सुमारे २०० कबरी, कापलेलं गवत, आणि दगडांवर कोरलेली वयं. वयं वाचत गेलात की अर्धा तास कसा जातो कळत नाही.

हिवाळ्यात जाणार असाल तर घड्याळ आपल्याकडचं धरू नका. डिसेंबरात तिथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो. मी दुसऱ्या खेपेला पावणेपाचला स्मशानभूमीपाशी पोचलो होतो, तेव्हा दगडावरचं नाव वाचायला मोबाइलचा टॉर्च लावावा लागला.